टाकीचं पोट

सकाळची धार काढून झाली, दूध डेअरीवर गेलं, की गोठ्यातलं दुसरं काम सुरू होतं. रात्रभराचं शेण पाटीत भरायचं, गोबरगॅसच्या कुंडीत टाकायचं, तेवढंच पाणी ओतायचं आणि कालवायचं. कोल्हापूरकडे कागल-राधानगरीत म्हणा किंवा तळकोकणात कुडाळ-सावंतवाडीत म्हणा, गोठ्याच्या कडेला हे रोज चाललेलं असतं. बहुतेक ठिकाणी हे काम घरच्या बाईचं. हात कोपरापर्यंत शेणात असतात, पण लक्ष बोटांच्या टोकाशी असतं. कडब्याचं पेर लागलं, काढ. दाव्याचा तुटका सुंभ लागला, काढ. खडा, गुटख्याची पुडी, प्लॅस्टिकचा तुकडा, सगळं बाहेर. गाठी फुटून शेणकाला पातळ पिठल्यासारखा एकजीव झाला की भोकातला बोळा उपसायचा. घळघळ आवाज करत काला जमिनीखाली जातो आणि पलीकडच्या तोंडाने तेवढीच जुनी स्लरी वर येते. काम पंधरा मिनिटांचं.

आता एक कोडं. एकाच गावात, एकाच गवंड्याने बांधलेली, एकाच मापाची दोन संयंत्रं असतात. जनावरंही दोन्ही घरी सारखीच. एका घरी सकाळचा चहा, दोन्ही वेळची भाकरी, वरण, आंघोळीचं पाणी असं सगळं त्या गॅसवर होतं. शेजारच्या घरी भाताला कढ येईपर्यंत ज्योत बसते. दुसऱ्या घरचा माणूस सांगतो, "आमचं बांधकामच फसलं." क्वचित तसं असतंही. बहुतेक वेळा मात्र फरक बांधकामात नसतो, त्या पंधरा मिनिटांत असतो, आणि टाकीकडे विहीर म्हणून बघायचं की जित्राब म्हणून, ह्यात असतो.

हिशेब आधी मांडू. गाय-बैलाचं दिवसाचं शेण साधारण १० किलो, म्हशीचं १५ किलो. ताज्या शेणाच्या एका किलोतून ३५ ते ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे रोज ५० किलो शेण घातलं तर २ घनमीटर वायू. घरगुती बर्नर तासाला साधारण ०.४५ घनमीटर वायू खातो, तेव्हा एक शेगडी चार तासांहून थोडी जास्त चालते. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर १ घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळजवळ ४५० ग्रॅम एलपीजी. महिन्याला २७ किलो, दोन सिलिंडरना थोडं कमी. हा पुस्तकातला आकडा. प्रत्यक्षात अनेक घरी ह्याच्या निम्माही पदरात पडत नाही. उरलेला निम्मा कुठे जातो, ते शोधायचं तर टाकीच्या पोटात शिरावं लागतं. अर्थात कल्पनेनेच. खरोखर शिरलं तर काय होतं, ते पुढे येईल.

ह्या तंत्राचा भारतातला पहिला अध्याय मुंबईत लिहिला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नसते. अनेक पुस्तकांत '१८५९, मुंबईतलं कुष्ठधाम' असा उल्लेख सापडतो आणि एकाचं बघून दुसरा लिहीत राहतो. पण माटुंग्याचं ते कुष्ठधाम सुरूच झालं १८९० मध्ये. तिथल्या मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू धरून वापरायला सुरुवात झाली ती १८९७ च्या सुमारास. कुष्ठधाम उभारणारे मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असायला हवं: शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापणारे ॲकवर्थ ते हेच. शाहिरांचे फड आणि मैल्याची टाकी ह्यांना जोडणारा हा दुवा इतिहासात एकटाच असावा.

शेणाकडे वळायला मात्र वेळ लागला. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत देसाई नावाच्या शास्त्रज्ञांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेलांनी विहिरीसारख्या टाकीवर तरंगतं पिंप उपडं घातलं आणि त्या रचनेला 'ग्रामलक्ष्मी' नाव दिलं. पुढच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने तीच रचना गावोगाव नेली. पिंप वर आलं म्हणजे गॅस आहे, खाली बसलं म्हणजे संपला. इतका सोपा मापक पुन्हा कुणी केला नाही. पण लोखंड महाग आणि गंजकं. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अजितमलच्या केंद्राने 'जनता' हा पक्क्या घुमटाचा नमुना काढला. १९८४ मध्ये 'ॲफ्प्रो' ह्या संस्थेने 'दीनबंधू' आणला. त्याचा तळही गोलाचाच तुकडा, त्यामुळे विटा कमी लागतात. आज महाराष्ट्रात अंगणाच्या कडेला मातीचा उंचवटा आणि त्यातून निघालेला एक पाइप दिसतो, तो बहुधा दीनबंधूच. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली आणि देशभरात अशी छोटी संयंत्रं ५० लाखांच्या घरात गेली.

योजनेने एक गोष्ट पक्की केली. अनुदान मिळतं बांधल्याबद्दल, शेगडी पेटती राहिल्याबद्दल नव्हे. त्यामुळे तालुक्याच्या दप्तरात संयंत्रं मोजली गेली, त्यांतला गॅस कुणी मोजला नाही. टाकीला रोज खायला कसं घालायचं, हे शिकवायचं काम गवंड्याने जाता जाता जेवढं सांगितलं तेवढ्यावर भागलं.

आणि हे खरोखर खायला घालणंच आहे. गाईच्या कोठीपोटात जे जंतू चारा कुजवतात, त्यांचेच भाऊबंद शेणाबरोबर बाहेर येतात आणि टाकीत तेच काम पुढे चालवतात. दुभत्या गाईच्या ढेकरांतून दिवसाला काही शे लिटर मिथेन हवेत जातो, टाकीत तो आपण धरून ठेवतो, एवढाच फरक. टाकीतल्या कामाच्या पायऱ्या आहेत. एक टोळी तंतू आणि पिठूळ भाग फोडून विरघळवते. दुसरी त्याची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांतून मिथेन बनवते. पहिल्या दोन टोळ्या चपळ आणि सोशिक आहेत. तिसरी हळवी: तिला हवा चालत नाही, थंडी सोसत नाही, आंबट चालत नाही, आणि तिची संख्या दुप्पट व्हायला काही दिवस जातात. गोबरगॅसचं उत्पादन वाढवायचं म्हणजे ह्या तिसऱ्या टोळीची मर्जी राखायची.

सगळ्यात मोठा घोटाळा पाण्याचा होतो. शेणात मुळातच ८० टक्के पाणी असतं. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की घट्ट भाग १० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तेवढाच हवा. २ घनमीटरच्या संयंत्रात रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी, म्हणजे १०० लिटर काला जातो. टाकीत ४,००० लिटर मावत असेल, तर आज घातलेला काला सरासरी ४० दिवस आत मुक्काम करतो. आता गोठा नळीने धुतला आणि ते पाणी नालीतून सरळ कुंडीत उतरलं, असं धरू. रोजचं ५० लिटर जास्तीचं पाणी. मुक्काम चाळीसवरून सत्तावीस दिवसांवर आला. शेण अर्धकच्चं बाहेर पडलं, आणि त्याबरोबर मिथेनवाले जंतूही, वाढायला सवड न मिळता. पाणी वाढवलं की गॅस वाढतो, असा समज गावोगाव आहे. बाहेर स्लरी जोरात येते म्हणून तसं वाटत असावं.

उलट टोकही आहे. मार्च-एप्रिलमध्ये टँकरच्या गावात पाणी वाचवण्यासाठी शेण घट्टच ढकललं जातं. मग वर जाड साय धरते, वाळते, आणि खालचा वायू तिच्याखाली अडकतो. कोरड्या भागात गोठ्यातलं मूत्र गोळा करून पाण्याऐवजी थोडं वापरलं तर पाणीही वाचतं आणि नत्रही मिळतं. थोडं, असं मुद्दाम म्हटलं. फार झालं तर अमोनिया वाढतो आणि तिसरी टोळी पुन्हा रुसते.

टाकीतली जागा खाणारा दुसरा चोर म्हणजे माती. गोठ्याला कोबा नसेल तर शेण उचलताना खाली घासून माती येतेच. टाकीत गेलेलं शेण विरघळतं, माती विरघळत नाही. ती तळाला बसते आणि वर्षानुवर्षं साठते. चार हजार लिटरच्या टाकीत हजार लिटर गाळ बसला, तर कागदावर टाकी तीच, पण मुक्काम तीस दिवसांचा. म्हणून जुने जाणते कालवून झाल्यावर बोळा लगेच उपसत नाहीत. पाच मिनिटं थांबतात, वाळू कुंडीच्या तळाशी बसू देतात आणि शेवटचा गाळ हाताने काढून बाजूला टाकतात. गॅस वाढवण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सगळ्यात स्वस्त. तिला ना अनुदान आहे, ना जाहिरात.

मग थंडी. ह्या जंतूंना ३५ ते ३७ अंश आवडतात. वीस अंशांच्या खाली ते आळसावतात, दहाच्या खाली काम जवळजवळ बंदच करतात. देशाचे त्यासाठी पट्टे पाडलेले आहेत: महाराष्ट्र-गोवा-केरळात ३० दिवसांचा मुक्काम पुरतो, उत्तरेच्या मैदानात ४०, हिमाचल-काश्मीरकडे ५५. पण पट्टे पाडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर निफाड नसावं. तिथे जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येत असतात, आणि नाशिक-नगरकडच्या गोठ्यांत 'हिवाळ्यात गॅस बसतो' हे ऋतुमानासारखं धरून चाललेलं असतं. लोखंडी पिंपाचं संयंत्र उघड्यावर असल्याने लवकर गारठतं. दीनबंधू जमिनीच्या पोटात असल्याने सावकाश गार होतं. घुमटावरची माती उघडी पडू द्यायची नाही, वर उसाचं पाचट अंथरायचं, कंपोस्टचा ढीग टाकीला लागून रचायचा म्हणजे त्याची ऊब मिळते. कालवायचं काम पहाटे न करता दुपारी करायचं, उन्हात ठेवलेल्या काळ्या पिंपातलं पाणी वापरायचं. चाळीस दिवसांच्या साठ्यात रोजचा हिस्सा एक चाळिसावाच असतो, तेव्हा कोमट पाण्याने चमत्कार होत नाही. पण पहाटेचं बर्फासारखं पाणी रोज ओतून आतली ऊब घालवायची, हे तरी टळतं.

आतापर्यंतचं सगळं नासाडी थांबवण्याबद्दल झालं. उत्पादन खरोखर वाढवायचं तर खाणंच बदलावं लागतं. इथे पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे ह्यांनी उपस्थित केलेला मुद्दा फार मार्मिक आहे. शेण म्हणजे काय? गाईने खाऊन, रवंथ करून, त्यातलं जे जे पचण्यासारखं होतं ते काढून घेऊन टाकून दिलेला चोथा. त्यातून आपण आणखी वायू काढू पाहतो. त्यापेक्षा जंतूंना पिठूळ, साखरेचं अन्न थेट का देऊ नये? खराब धान्य, आंब्याच्या कोया, उरलेला भात, पीठगिरणीचा भुसा असलं थोडंसं खाद्य चाळीस दिवसांऐवजी काही दिवसांतच वायू देतं. त्यांच्या 'आरती' ह्या संस्थेने ह्या तत्त्वावर प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांचं सुटसुटीत संयंत्र केलं. २००६ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

कर्व्यांचा युक्तिवाद शहरातल्या फ्लॅटसाठी होता. गोठेवाल्याने त्यातून घ्यायचं ते वेगळं: शेण हे जेवण नाही, तो भाताचा उंडा आहे. त्यावर थोडं वरण-तूप पडलं तर बरं. ताज्या शेणाच्या किलोमागे ३५-४० लिटर मिळतात, कोंबडीच्या विष्ठेतून साधारण ६०-७०, आणि घरातल्या खरकट्यातून शंभराच्या वर. मिसळताना मात्र कर्ब आणि नत्र ह्यांचं प्रमाण सांभाळावं लागतं. जंतूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे वीस ते तीस भाग लागतात. शेणात ते प्रमाण पंचविसाच्या आसपास, म्हणून शेण एकटं घातलं तरी चालतं. कोंबडीच्या विष्ठेत दहाच्या खाली, म्हणजे नत्र जास्त. भाताच्या पेंढ्यात सत्तरच्या घरात, म्हणजे कर्ब जास्त. शेणाचा पाया कायम ठेवून दहा-पंधरा टक्के असं काही मिसळलं की दोघांचं जमतं. नगर-पुण्याच्या पट्ट्यात दूध आणि पोल्ट्री एकाच वस्तीवर असतात, तिथे हे साध्य आहे. साखर कारखान्याचं प्रेसमड, बाजार समितीतला भाजीपाला, वाळवून खत होईल म्हणून बांधावर टाकलेली कोबीची पानं, ह्यांचंही तेच.

पण इथेच हावरटपणा नडतो. लग्नाच्या मांडवातलं उरलेलं अन्न एकदम पिंपभर टाकीत गेलं, तर काय होतं? पोत्यातलं धान्य खाल्लेल्या म्हशीचं होतं तेच. पशुपालकाला हे सांगावं लागत नाही. म्हशीच्या पोटात आंबण होतं, पोट फुगतं, ती खाणं सोडते. टाकीतही पहिल्या दोन टोळ्या भराभर आम्लं करून ठेवतात, तिसरीला तेवढी संपवता येत नाहीत, आणि टाकी आंबट पडते. स्लरीला कुजक्या अंड्याचा किंवा शिळ्या ताकाचा वास येतो, गॅस येतो पण पेट घेत नाही, कारण त्यात मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइडच जास्त. उपायही म्हशीचाच: लंघन. आठ-दहा दिवस खाणं बंद, थोडी चुन्याची निवळी, मग हळूहळू नुसतं ताजं शेण.

ही आम्लाची पायरी वेगळ्या टाकीतच उरकली तर? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे ह्यांच्या 'निसर्गऋण' संयंत्रामागची कल्पना हीच. पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन ओला कचरा आधी फोडून घ्यायचा, मग तो पातळ रस दुसऱ्या, हवाबंद टाकीत मिथेनवाल्यांना पाजायचा. घरच्या गोठ्याला हा थाट परवडणारा नाही. तरी त्याची गरीब आवृत्ती शक्य आहे: पालेभाजी आणि गवत आदल्या दिवशी चिरून कुंडीत पाण्यात भिजत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी शेणाबरोबर सोडायचं.

खाण्याबरोबर विषही आत जातं. गोठा फिनेलने धुतला, दुधाच्या किटल्या डिटर्जंटने विसळल्या, गोचिडाचं औषध फवारलं, आणि पाणी कुंडीत. त्याहून लपलेलं विष म्हणजे प्रतिजैविकं. काससुजी झालेल्या म्हशीला इंजेक्शनांचा कोर्स चालू असतो, तेव्हा औषधाचा बराच भाग शेण-मुतातून बाहेर पडतो आणि टाकीतल्या जंतूंनाही मारतो. डेअरी त्या दिवसांचं दूध घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेणही आठवडाभर उकिरड्यावर टाकावं, हे फार थोड्यांना.

कधी कधी उत्पादन भरपूर असतं, पण शेगडीपर्यंत पोचत नाही. पाइपाला मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साठतं आणि ज्योत भकभकत नाचते. जोडावर साबणाचं पाणी लावून बघितलं तर बुडबुडे कुठे फुटतात ते कळतं. घुमटाला केसाएवढी चीर असली तरी वायू वर्षभर निमूटपणे जात राहतो. आणि एक नेहमीची चूक म्हणजे सिलिंडरची शेगडी. एलपीजीला जळताना स्वतःच्या पंचवीसपटीहून जास्त हवा लागते, बायोगॅसला जेमतेम सहापट. दोघांचं छिद्र आणि हवेची खिडकी एकसारखी असूच शकत नाही. नात्यातल्या कुणाची जुनी शेगडी आणून पाइप जोडला, तर मंद पिवळी ज्योत मिळते आणि दोष टाकीच्या माथी येतो. बर्नर, नळ, नळाचे जोड दोन-चार वर्षांत काळे पडतात ते हायड्रोजन सल्फाइडमुळे. लेथवरून आणलेला गंजका लोखंडी कीस एका डब्यात भरून वायू त्यातून नेला की तो गंधक धरून ठेवतो.

हाच वायू जीवघेणा आहे. गाळ काढायला माणूस टाकीत उतरला की आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइडने पहिल्या काही श्वासांतच घ्राणेंद्रिय बधिर होतं, वासाचा इशाराही मिळत नाही. वरचा माणूस त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो. टाकी पूर्ण रिकामी करून, दिवसेंदिवस उघडी ठेवून, वारा खेळवूनच गाळ काढायचा. ते काम कसबी माणसांचं, घरच्यांचं नव्हे.

दुसऱ्या तोंडाकडे बघितल्याशिवाय उत्पादनाचा हिशेब पुरा होत नाही. बाहेर आलेल्या स्लरीवर बुडबुडे दिसत असतील तर गॅस उघड्यावर निघतो आहे, म्हणजे मुक्काम अपुरा पडला. मिथेन हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट तापदायक. युरोपात म्हणून स्लरीच्या हौदालाही झाकण घालून उरलासुरला वायू गोळा करतात. नीट पचलेली स्लरी ओळखायची खूणही सोपी: वास नाही, माश्या नाहीत, रंग काळपट. ही स्लरी म्हणजे गोबरगॅसची दुसरी धार. शेणातला नत्र तिच्यात जवळजवळ सगळा शिल्लक असतो, तोही पिकाला चटकन घेता येईल अशा रूपात. पण उन्हात वाळत घातली की त्यातला बराच अमोनिया होऊन उडून जातो. उसाच्या पाटाच्या पाण्यात सोडणारा शेतकरी शहाणा. खड्ड्यात वाळवून पावडर विकणारा अर्धा माल आधीच उडवून बसलेला असतो.

ह्या दुसऱ्या धारेलाच दाम मिळाला तर पहिली आपोआप सुधारते, हे गुजरातेत आणंद जिल्ह्यात बोरसदजवळच्या झकरियापुरा गावात दिसलं. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने तिथल्या घरांना रबरी पिशवीसारखी छोटी संयंत्रं दिली, आणि महिलांच्या सहकारी संस्थेमार्फत त्यांची स्लरी विकत घ्यायला सुरुवात केली. स्लरी विकायची म्हणजे ती नीट पचलेली हवी, त्यासाठी शेण मोजून आणि वेळेवर घातलं गेलं पाहिजे. संयंत्र चालू ठेवायला महिन्याकाठी रोकड मिळते, हे कारण चुलीच्या धुरापेक्षा जास्त लागू पडलं. कोल्हापुरात गोकुळ दूध संघाच्या महिला सभासदांच्या गोठ्यांशी लागूनही अशी पिशवीची संयंत्रं आली आहेत. तळकोकणात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गवंडी आणि बँकेचं कर्ज ह्यांची घडी बसवून सिंधुदुर्गात गोबरगॅसचं जाळं उभं केलं. गवंडी पंचक्रोशीतलाच असला की बिघडल्यावर बोलावता येतो, हा त्यातला खरा मुद्दा.

मोठं करावं, शेण गावभराचं गोळा करावं, सीएनजी बनवावा, हा सध्याचा उत्साह. २०१८ मध्ये केंद्राने 'गोबरधन' आणि 'सतत' ह्या दोन योजना एकाच वर्षी आणल्या. गुजरातेत बनास डेअरीने डीसाजवळ दामा इथे रोज ४० टन शेणाचं संयंत्र उभारलं, शेतकऱ्यांकडून साधारण रुपया किलोने शेण घेतलं आणि वायू शुद्ध करून ९० टक्क्यांच्या वर मिथेन असलेलं इंधन पंपावर विकलं. त्याच्याही आधी, २००४ च्या सुमारास, लुधियानाच्या हैबोवाल भागातल्या तबेल्यांच्या २३५ टन शेणावर एक मेगावॅट वीज काढण्याचा प्रकल्प सुरू झाला. मोठ्या टाकीचे फायदे आहेत: ऊब देता येते, यंत्राने ढवळता येतं, रोजची तपासणी होते. अडचण एकच, पण मोठी. टनभर शेणात आठशे लिटर पाणी असतं, आणि ट्रक ते पाणी वाहतो. दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे गेलं की डिझेल वायूवर मात करू लागतं. डेन्मार्कमध्ये आज गॅसच्या जाळ्यातला जवळपास ४० टक्के वायू बायोगॅसचा आहे, तिथेही नुसत्या शेणावर हिशेब बसत नाही. गोठ्यातल्या पातळ शेणाच्या एका टनातून वीस-पंचवीस घनमीटरच वायू येतो, म्हणून ते खाद्य कारखान्यांचा कचरा आणि पेंढा मिसळतात. कर्वे पुण्यात जे सांगत होते, तेच.

भारतात गाई-म्हशी मिळून तीस कोटी आहेत, असा आकडा सांगून संभाव्य वायूचे इमले बांधायची एक पद्धत आहे. त्यातल्या चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं शेण रानात पडतं, हे इमल्यात धरलेलं नसतं. आणि जनावर वर्षभर दावणीला असतंच असंही नाही. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची गुरं महिनोन् महिने चारा छावणीत होती. मालक छावणीत, जनावर छावणीत, शेण छावणीत, आणि घरची टाकी उपाशी. चार-सहा महिन्यांनी गुरं परत आली तेव्हा अनेक टाक्यांवरचा थर लाकडासारखा झालेला होता. काही ठिकाणी गुरं परत आलीच नाहीत, विकली गेली. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, २०१६ पासून उज्ज्वलाचा सिलिंडर आला, आणि टाकीवर कडबा रचला गेला.

अशी निजलेली टाकी उठवता येते. वरचा थर फोडून काढतात, पाइप फुंकून साफ करतात, घुमटाची चीर सिमेंटने भरतात. मग लागतं विरजण. चालू संयंत्राच्या बाहेरच्या तोंडातून ताजी स्लरी पिंपात भरून आणायची, जमलं तर टाकीच्या दहाव्या हिश्श्याइतकी. त्यावर ताज्या शेणाचा काला भरायचा आणि थांबायचं. पहिले काही दिवस जो वायू येतो तो काडी लावली तरी पेट घेत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो. तो नळ उघडून सोडून द्यायचा, आसपास विडी न पेटवता. घरातली पोरं रोज संध्याकाळी विचारतात, आज पेटणार का. दोन आठवडे जातात, थंडी असेल तर तीन. मग एका संध्याकाळी काडी धरल्यावर बर्नरच्या भोकांभोवती निळं काहीतरी थरथरतं. स्वयंपाकघरातला दिवा लावलेला असला तर ते दिसतही नाही, म्हणून आधी दिवा मालवतात.